मिठाची वाट

माझं लग्न एका सायकलच्या शब्दावर ठरलं, असं मी सांगते तेव्हा नातसुना एकमेकींकडं बघून हसतात. म्हातारी चळली असं त्यांना वाटत असणार. पण खरंच तसं झालं. पत्रिका नंतर पाहिली, मानपानाचं बोलणं त्याच्याही नंतर. सगळ्यांच्या आधी माझ्या वडलांनी, आबांनी, समोरच्या खोलीत राहणाऱ्या मास्तरांना विचारलं, "साखऱ्याची वाट कशी हाय?"

असं विचारणारे आमचे आबा एकटे नव्हते. हिंगोलीत आमच्या आळीत, घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, पोरगी द्यायची म्हटलं की मुलाचं घर, शेत, विहीर बघायला बाप जायचा आणि वाट बघायला मास्तर जायचे. मास्तरांचा प्रश्न एकच असायचा, पंचमीला पोरगी माहेरी येईल का? नागपंचमी येते ऐन श्रावणात. भाऊ नाहीतर दुसरं कुणी मुराळी होऊन लेकीला आणायला जातं ते त्याच दिवसांत, आणि आमच्याकडची काळी माती बैलाला आणि गाडीला गिळायला बसते तीही त्याच दिवसांत. "दिवाळीला काय, कोणी बी येतं," मास्तर म्हणायचे. "पंचमीला येता येतं ती खरी वाट." मुसलमानाच्या पोरींना पंचमी नव्हती, पण त्यांच्या आयांनाही हे माप पटलं होतं. त्याही मास्तरांना तेवढंच विचारायच्या.

मास्तर शाळेत उर्दूतून गणित शिकवत. उंच, हाडकुळे, चष्मा कानामागं दोऱ्यानं बांधलेला. शेरवानी घालून सायकल चालवायची म्हणून तिचे पुढचे दोन्ही पदर ते कमरेला सुतळीनं बांधायचे, रूमी टोपी पिशवीत ठेवायचे आणि डोक्याला पंचा गुंडाळायचे. शाळेच्या फाटकाशी उतरलं की पंचा पिशवीत, टोपी डोक्यावर, सुतळी खिशात. कधी सुतळी सोडायची विसरली तर तसेच गुडघे दाखवत दिवसभर गणितं घालायचे, आणि त्यांची जरब अशी की वर्गात कुणी हसत नसे. हसायचं ते पोरं आळीत येऊन हसून घ्यायची. त्यांच्यासोबत त्यांची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, राहायची. ती उंबऱ्यात पान कुटता कुटता माझ्या मायला सांगायची, "रोटी ठंडी हो जाती माँ, इसका पहिया ठंडा नै होता."

मृग लागला की मास्तर सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून भिंतीला टांगून ठेवायचे आणि हँडलला एक खुरपं अडकवायचे. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये काळी माती भरली की चाक फिरत नाही, आणि चाकाला चिकटलेली माती खरवडायला खुरप्यासारखं हत्यार नाही. लोक विचारायचे, "काय मास्तर, निंदायला निघाले का?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "व्हय. रस्ता निंदायला."

बाभळीच्या काट्यानं चाक बसलं आणि चिकटवायचा मसाला संपला असला, तर ते टायरमध्ये गवत कोंबून घरी यायचे. एकदा असेच कळमनुरीकडून आले तर कुणाची तरी एक बकरी टायरमधून बाहेर आलेलं गवत ओढत त्यांच्या मागं मागं आमच्या आळीपर्यंत आली होती. मास्तर तिला हाकलेनात. तिचा मालक कोण, ती कुठून मागं लागली, याची चौकशी करत ते पुन्हा तिला सोडायला गेले, आणि तेही वेगळ्या वाटेनं. कारण गेल्या वाटेनं परत यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. गेल्या वाटेनं परत आलं तर निम्मा मुलूख बघायचा राहतो, असं ते म्हणत.

हिंगोलीच्या चारी बाजूंच्या वाटा त्यांना घरच्या माणसांसारख्या ठाऊक होत्या आणि त्यांच्याविषयी ते बोलायचेही तसेच. औंढ्याची वाट तोंडावर बोलणारी, आधीच सांगते की चढ आहे, मागून तक्रार नको. कळमनुरीची गोड बोलून शेवटी काटा टोचणारी. नरसीकडची नदीच्या तालावर चालणारी, कयाधू खूश तर ती खूश. वाशीमकडं निघालं की नाक्यापर्यंत निजामाची आणि नाक्यापुढं इंग्रजाची, पण धूळ दोन्हीकडं सारखीच. मी परकर नेसत होते तेव्हापासून ओसरीवर बसून हे ऐकत आले. घरातून चार पावलं बाहेर जायची सोय नव्हती, तरी औंढ्याच्या घाटात सागाची पानं कशी वाजतात ते मला माहीत होतं.

वाट विचारायची कुणाला, याचाही त्यांचा कायदा होता. घोड्यावरच्याला विचारायचं नाही, गाडीवानाला नाही, पाटलाला तर नाहीच. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला विचारायचं. "वझं असलेला माणूस फुकटचं एक पाऊल टाकत न्हाई. त्याला खरी वाट ठावी असती." आणि विचारल्यावर गाव काय करतं, त्यावर ते गावाची परीक्षा करायचे. काही गावं हातानं वाट दाखवतात, काही पायानं. म्हणजे काही लोक बसल्या जागेवरून हात करतात, आणि काही उठून वळणापर्यंत सोबत येतात. मास्तरांच्या लेखी माणसांच्या जाती या दोनच.

हे वेड कुठून लागलं, असं आबांनी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "मला भूगोल पाहिजे होता. शाळेनं गणित दिलं. भूगोल ज्याला दिला तो ठेसनाच्या पुढं कधी गेला न्हाई. कुणीतरी जायला पाहिजे ना."

तर माझं लग्न. त्या वर्षी पुढं सिंहस्थ लागणार होता. सिंहस्थात लग्नं होत नाहीत, म्हणून उपवर पोरींच्या बापांची त्या उन्हाळ्यात नुसती पळापळ. साखऱ्याचं स्थळ आलं. घर खाऊन-पिऊन सुखी, मुलगा निर्व्यसनी. आबांनी मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "श्रावण येऊ द्या. जाऊन येतो, मग सांगतो."

"श्रावणाला थांबलो तर सिंहस्थ गळ्यात येतो, मास्तर. आताच जाऊन या."

वैशाख चालू होता. "उन्हाळ्यात सगळ्याच वाटा शहाण्या असतात" हे मास्तरांचंच बोलणं, आणि उन्हाळ्यात बघून त्यांनी कुणाला कधी शब्द दिला नव्हता. पण आबांना मुलगा नाही, मी एकटी लेक, आणि आबांचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. मास्तर गेले. साखरा म्हणजे बैलगाडीनं दोन दिवसांची मजल, वाटेत पुसेगावला मुक्काम. ते उन्हानं काळे होऊन परत आले आणि ओसरीवर पाणी पिऊन म्हणाले, "पुसेगावच्या पुढं एक नाला लागतो. पर पसरट हाय, वाळूचा. गाडी निघंल. द्या पोरगी. पंचमीला येईल." मी दाराआड गहू निवडत होते. नवरा कसा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी नाला पसरट आहे हे ऐकून मला बरं वाटलं.

पहिल्या पंचमीला मी गाठोडं बांधून बसले. हाताला मेंदी लावली, सासूबाईंकडून जायची परवानगी काढली. आबा स्वतःच गाडी जुंपून निघाले होते. उन्हाळ्यात पसरट असलेल्या त्या नाल्याला वरच्या रानातलं सगळं पाणी येतं, आणि अलीकडच्या काळ्या शिवारात गाडी आखापर्यंत रुतते, हे वैशाखात दिसणारं नव्हतं. आबा एक दिवस त्या काठावर थांबले आणि बैल मरायच्या आत माघारी फिरले. मला निरोप कळला तो पंचमी झाल्यावर, एका गुराख्याकडून.

माझे सासरे वाईट माणूस नव्हते. मोजकं बोलायचे, आणि एकदा बोललेलं फिरवायचे नाहीत. ते म्हणाले, "वाट असती तर म्या अडवलं असतं का? वाटच न्हाई." खरंच होतं ते. पण दुसऱ्या श्रावणापर्यंत ते वाक्य आमच्या घराच्या अंगवळणी पडलं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणायच्या, "वाट न्हाई बाई," आणि ते म्हणताना त्यांना जरा सुखही वाटायचं, कारण सून घरात राहिली की दळण-पाणी होतं. निंबाला झोके बांधले जायचे. माहेरी आलेल्या गावच्या लेकी उंच झोके घ्यायच्या आणि आम्ही सुना खाली उभ्या राहून दोर धरायचो. दोर धरून धरून हाताला घट्टे पडतात हे खोटं नाही.

इकडं हिंगोलीत आबांनी मास्तरांना एक शब्द विचारला नव्हता. पण मास्तरांनी गाडीची चाकं बघितली. ते येऊन ओसरीवर उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "शब्द माझा व्हता." एवढंच बोलून गेले. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही वाटेविषयी सांगणं बंद केलं. लोक विचारायला यायचे, तर ते म्हणायचे, "आधी साखऱ्याचं होऊ द्या." आळीत टिंगल व्हायला लागली, वाटांचा पंडित घरच्या वाटेला अडला म्हणून. मास्तर ऐकून घ्यायचे. शुक्रवारी शाळेला सुट्टी. गुरुवारी शाळा सुटली की ते निघायचे, पुसेगावला मुक्काम करायचे, जुम्याची नमाज वाटेत जी मशीद लागेल तिथं, आणि शनिवारी शाळेची घंटा व्हायच्या आत चिखलानं माखून परत. नाला वर कुठं अरुंद होतो का, खाली कुठं खडक लागतो का, हे ते दोन पावसाळे शोधत होते. नाल्यानं त्यांना दाद दिली नाही.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की एका माणसानं शब्द दिला आणि तो खोटा निघाला. तिसऱ्या वर्षी आषाढात साखऱ्याजवळच्या गोरेगावच्या बाजाराहून निरोप आला की मायनं अंथरूण धरलंय, दम्यानं बोलवत नाही, पंचमीला लेक दिसली तर डोळे मिटायला मोकळी म्हणते. मी तो निरोप सासऱ्यांना सांगितला. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "वाट असती तर आत्ता गाडी जुंपली असती." त्या रात्री मी मास्तरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या मला येतात हेच मला माहीत नव्हतं.

पंचमीच्या दोन दिवस आधी दुपारी अंगणात सायकलची घंटा वाजली. मी चुलीपुढं होते. त्या घंटेचा आवाज मी ओळखला आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. बाहेर बघते तर मास्तर. पंचा ओला, शेरवानी कमरेला बांधलेली, आणि सायकल भिंतीला टेकवलेली. तिची चाकं स्वच्छ होती.

ऐन श्रावणात साखऱ्याला आलेल्या सायकलच्या चाकाला काळी माती नाही, हे बघायला आधी शेजारचे आले, मग अर्धी आळी आली. सासरे पुढं झाले, उकिडवे बसले, टायरच्या कडेला लागलेला थोडासा तांबूस कण नखानं काढून त्यांनी चिमटीत चोळला.

"हा तं मुरूम हाय. माळावरचा. काळी कुठं गेली?"

"काळीत उतरलोच न्हाई," मास्तर म्हणाले.

"आन नाला?"

"नाला लागतच न्हाई."

"नाला लागत न्हाई अशी वाटच न्हाई हो, मास्तर. माझा जलम गेला हितं."

"व्हती. मिठाची वाट व्हती. तुमच्या आज्याला ठावी असंल."

सासरे उठून उभे राहिले. मग हळू म्हणाले, "आजा सांगायचा, माळावरून मिठाचे बैल यायचे म्हणून. मला वाटायचं, लेकरं झोपवायची गोष्ट हाय."

ती वाट मास्तरांना कशी सापडली ते त्यांनी अंगणातच सांगितलं. माळाच्या पायथ्याला एक म्हातारी लमाणीण सरपणाचा भारा घेऊन चालली होती. डोक्यावर ओझं, म्हणजे विचारायला योग्य माणूस. मास्तरांनी साखऱ्याची वाट विचारली. तिनं खाली नाल्याकडं हात केला. मास्तर म्हणाले, पाण्याची नको, कोरडी सांग. तेव्हा म्हातारी हसली आणि म्हणाली, "कोरडी काहून पायजे? मीठ लादून चालला का तू?" आणि मग भारा खाली ठेवून तिनं सांगितलं. तिच्या सासऱ्याचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ लादून यायचा. नाल्यांना पार पौषापर्यंत पाणी. पाण्यात बैल घातला की गोणी भिजली, आणि भिजली की मीठ गेलं. म्हणून तांड्यांनी माळाच्या पाठीवरून, एकही नाला ओलांडावा लागणार नाही अशी वाट धरली होती. पुढं मीठ आगगाडीनं यायला लागलं, बैल गेले, वाटेवर गवत माजलं. म्हातारी हे सांगून थांबली नाही, भारा पुन्हा उचलून त्यांच्यासोबत वर माळापर्यंत आली, आणि वाट जिथून सुरू होते तिथला दगड तिनं त्यांना दाखवला.

सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "समदं खरं. पर मुराळी कोण? तुमी हिचे कोण लागता?"

"कोणी न्हाई लागत," मास्तर म्हणाले. "हिच्या बापाला जबान दिली व्हती, पोरगी पंचमीला येईल म्हणून."

सगळ्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. माझे मालकही तिथंच होते, पण वडलांपुढं बोलायची रीत नव्हती. सासरे म्हणाले होते की वाट असती तर अडवलं नसतं, आणि ते साऱ्या गावानं ऐकलं होतं. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, ती अंगणात आपटून बघितली. "तांबडं फुटलं की निघू. म्या बी येतो. वाट असंल तं सून जाईल. एक जरी नाला लागला तं तिथूनच माघारी."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. जावेनं भाकरी बांधून दिली. सायकलच्या कॅरियरवर वाकळ घडी करून टाकली आणि मला बसवलं. बाई माणूस सायकलवर बसलेलं साखऱ्यानं पहिल्यांदा बघितलं, आणि मीही जमीन पायाखालून अशी मागं पळताना पहिल्यांदाच बघितली. चढावर उतरायचं, सपाटीला बसायचं. मास्तर बेताबेतानं पायडल मारत होते, पुढं सासरे काठी टेकत लांब ढांगा टाकत होते. मी मात्र सारखी खाली बघत होते. प्रत्येक उताराला मी कॅरियर घट्ट धरून बसायचे, कारण उतार म्हणजे खाली पाणी, पाणी म्हणजे माघारी, आणि माघारी म्हणजे माय दिसणार नाही. उतार यायचा, आणि खाली पाणी नसायचं. वाट तेवढ्यात वळून दुसऱ्या बरडावर चढायची. पुन्हा उतार, पुन्हा तेच. कुणी आखली असेल ही वाट? कागद नाही, दुर्बीण नाही, पाठीवर मीठ आणि पुढं बैल.

माळाच्या ऐन पाठीवर पावसाची सर आली. सासऱ्यांनी काठी जमिनीत रोवली आणि ते थांबले. काठीच्या एका अंगाचं पाणी डावीकडं पळत होतं, दुसऱ्या अंगाचं उजवीकडं. मास्तर म्हणाले, "हे पूर्णेला चाललं. ते कयाधूला. आपण मधातून चालून राहिलो." खाली दोन्हीकडं नाले तांबडे-काळे होऊन वाहत होते, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता, आणि आमचे पाय कोरडे होते. मी ते दृश्य आजवर विसरले नाही. सासरे बराच वेळ दोन्हीकडं बघत राहिले. त्याच माळाच्या पायथ्याशी त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मग त्यांनी पायातले जोडे काढून हातात घेतले आणि पुढची सगळी वाट अनवाणी चालले. का, ते मी विचारलं नाही, मास्तरांनीही विचारलं नाही.

दुपारी एका खडकावर बसून मास्तरांनी भाकरी सोडली आणि माझ्यापुढं केली. मी म्हटलं, "माझा उपवास हाय." चतुर्थीला बायका भावासाठी उपवास धरतात, हे त्यांना माहीत होतं.

"तुला तं भाऊ न्हाई," ते म्हणाले.

"आजपासून हाय."

मास्तर उठले, हँडलचं खुरपं काढलं आणि सायकलचं चाक खरवडायला लागले. चाकाला काहीच लागलेलं नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत माझी एकही चतुर्थी चुकली नाही.

सासरे खरं म्हणजे खात्री पटली की माघारी जायचे होते. पण प्रत्येक वळणाला "अजून थोडं येतो" म्हणत ते पुसेगावपर्यंत आले, आणि तिथं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पार हिंगोलीपर्यंत आले. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "तुझा सासरा पायानं वाट दाखवणारा निघाला." पंचमीच्या दुपारी मी मायच्या उशाशी बसले. ती मला बघून रडली, मग उठून बसली, मग मी वाळले म्हणून रागावली, आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं पुरणाचे दिंड केले. त्यानंतर माय वीस वर्षं जगली, आणि जवळजवळ प्रत्येक आषाढात तिचं आता काही खरं नाही असा निरोप न चुकता येत राहिला.

मास्तर पुन्हा वाटांविषयी बोलायला लागले, आणि दर पंचमीला मला न्यायला यायला लागले. त्या श्रावणानंतर माळावरच्या त्या वाटेनं कितीतरी मुराळी गेले आणि कितीतरी लेकी आल्या. गवत मोडलं, वाट उमटली.

मग तो भादवा आला, निजामाचं राज्य गेलं तो. आदलं वर्षभर आमच्या आळीतल्या हिंदूंच्या घरात भीती राहत होती. त्या आठवड्यात ती उठली आणि समोर मुसलमानांच्या दारात जाऊन बसली. सडकेनं कोण येत होतं, कुणाचं दार वाजत होतं, ते सांगायला नको. मास्तरांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं, पण ते विचारत कोण बसतं? मी साखऱ्याला होते. गोरेगावहून बातम्या यायच्या आणि मी ऐकून घरात येरझाऱ्या घालायचे. एका सकाळी सासरे काठी घेऊन कुणाला न सांगता निघून गेले. शेताकडं गेले असतील असं वाटलं. संध्याकाळी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचं आबांनी मला नंतर सांगितलं. सासरे हिंगोलीत आले ते थेट मास्तरांच्या दारात. दार बंद, आतून कडी. त्यांनी काठीनं दार वाजवलं आणि म्हणाले, "मास्तर, मुराळी आलोय."

आतून मास्तरांचा आवाज आला, "वाट हाय का?"

"तुमीच तं दाखवली."

माझा जीव चार दिवस टांगणीला होता. पाचव्या दिवशी घंटा वाजली नाही, पण अंगणात चाकाची करकर ऐकू आली. मी धावत बाहेर आले. पुढं सासरे अनवाणी, जोडे हातात. मागं मास्तर सायकल ढकलत होते आणि कॅरियरवर वाकळीत गुंडाळलेली खाला बसली होती, सगळ्या वाटेला नावं ठेवत. मास्तरांचा चष्मा एका बाजूनं तडकला होता. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं मला धाडस होईना, म्हणून मी चाकांकडं बघितलं. त्यांना काळी माती लागलेली नव्हती.

गावातली चार माणसं अंगणाच्या तोंडाशी जमली होती. त्यांच्यातला एकजण, चांगल्या मनानं की वाईट ते मला कळलं नाही, सासऱ्यांना म्हणाला, "दिवस कसले हायेत, आन तुमी यांना घरात घेऊन राहिले. हे तुमचे कोण लागतात?"

सासरे उत्तर द्यायला वळले, पण त्यांच्या आधी सासूबाई ओसरीवरून खाली उतरल्या. त्यांनी खालाचा हात धरून तिला सायकलवरून उतरवलं, मग त्या माणसाकडं वळल्या.

"सुनेचा भाऊ हाय," त्या म्हणाल्या. "दर पंचमीला तो हिला न्हेतो. औंदा आमी त्याला आणलं." आणि मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस, पाय धुवायला पाणी दे." मी पाणी आणायला आत गेले.